वाळूतल्या चार रेघा

"बारकोडचा शोध कोणी लावला?" शिक्षकांच्या एका शिबिरात काही वर्षांपूर्वी आम्हांला हा प्रश्न विचारला गेला. विचारणाऱ्या बाई सातवीला विज्ञान शिकवत होत्या. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घ्यायची असल्याने त्यांना एक नाव आणि एक साल हवे होते. आम्ही नाव सांगितले, साल सांगितले १९४९, आणि बाईंनी ते वहीत उतरवून घेतले. परतीच्या एस.टी.त मात्र आमचे उत्तर आम्हांलाच खटकू लागले. आज आपण बिस्किटाच्या पुड्यावर पाहतो तशा पट्ट्या वाचून दुकानात पहिली वस्तू विकली गेली ती १९७४ साली. मग मधल्या पंचवीस वर्षांत काय चालले होते? बाईंच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या पंचवीस वर्षांत होते आणि नेमके तेच आम्ही गाळले होते. आज ते सविस्तर सांगतो.

१९४८ साल. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ड्रेक्सेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी नावाची संस्था होती. किराणा मालाच्या दुकानांची साखळी चालवणाऱ्या एका स्थानिक कंपनीचे अध्यक्ष तिथल्या अधिष्ठात्यांना भेटायला आले. गिऱ्हाईक पैसे द्यायला येते त्या टेबलावरच, कोणता माल बाहेर गेला याची नोंद आपोआप व्हावी, असे काहीतरी संस्थेने शोधून काढावे, ही त्यांची विनंती. अडचण खरी होती. दुकानात हजारो प्रकारच्या वस्तू, प्रत्येकीची किंमत कारकुनाने यंत्रावर बोटांनी दाबायची, आणि माल किती उरला हे कळायला दुकान बंद करून फळ्यांवरचे डबे मोजत बसायचे. अधिष्ठात्यांनी विनंती नाकारली. ते संभाषण बर्नार्ड सिल्व्हर या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या कानांवर पडले आणि त्याने ते आपला मित्र नॉर्मन जोसेफ वुडलँड याला सांगितले.

दोघांचा पहिला प्रयत्न होता अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या शाईचा. ती शाई फिकी पडे, शिवाय महाग. पण वुडलँडच्या डोक्यातून विषय जाईना. त्याने ड्रेक्सेल सोडले आणि तो मायामी बीचला आजोबांच्या घरी जाऊन राहिला. १९४९ च्या जानेवारीत समुद्रकिनाऱ्यावर आरामखुर्चीत बसून तो विचार करत होता. संकेतभाषा म्हणावी अशी त्याला एकच येत होती. बालवीर असताना शिकलेली मोर्स लिपी, म्हणजे टिंब आणि रेघ. सहज त्याने चार बोटे वाळूत रोवली आणि आपल्याकडे ओढली. वाळूत चार रेघा उमटल्या. टिंब आणि रेघ खाली ओढून लांब केले, तर एक अरुंद पट्टी मिळते आणि एक रुंद. लांबीऐवजी रुंदीत संदेश भरता येईल, हे त्याला त्या क्षणी दिसले.

या गोष्टीतला वाळूचा प्रसंग बहुतेक पुस्तकांत सापडतो. पुढचा भाग सहसा सांगत नाहीत आणि आमच्या मते तोच अधिक शिकवणारा आहे. पट्ट्या काढल्या, पण त्या वाचायच्या कशा? इथे वुडलँडने बोलपटाचे तंत्र उसने घेतले. त्या काळी चित्रपटाच्या फिल्मच्या कडेला ध्वनीची एक पट्टी असे. तिच्यातून प्रकाश आरपार जाई, पट्टीच्या कमीजास्त पारदर्शकतेनुसार पलीकडच्या प्रकाशसंवेदी नळीत विजेचा प्रवाह कमीजास्त होई, आणि त्याचाच आवाज बने. वुडलँडने आरपार जाणाऱ्या प्रकाशाऐवजी कागदावरून परावर्तित होणारा प्रकाश घेतला. काळा रंग प्रकाश शोषतो, पांढरा परत पाठवतो, ही आपण चौथी-पाचवीत शिकवतो तीच गोष्ट. मग त्याने पट्ट्या वाकवून त्यांची एकात एक वर्तुळे केली. नेमबाजीचे लक्ष्य असते तशी ती आकृती दिसे. वस्तू कशीही धरली तरी वर्तुळ वर्तुळच राहते, हा त्यातला फायदा.

त्यांनी बनवलेले यंत्र टेबलाएवढे होते. त्यात ५०० वॅटचा दिवा आणि बोलपटाच्या यंत्रातली प्रकाशसंवेदी नळी होती. नळीला जोडलेल्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची रेषा पट्ट्यांबरोबर हलली. यंत्र चालले! दिव्याच्या उष्णतेने कागद धुमसू लागला ही गोष्ट वेगळी. २० ऑक्टोबर १९४९ रोजी दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ ऑक्टोबर १९५२ रोजी त्यांना पेटंट मिळाले.

आणि इथे गोष्ट थांबली. कल्पना बरोबर होती, यंत्र चालत होते, पण दोन वस्तू जगात नव्हत्या. एक म्हणजे बारीक, तीव्र आणि थंडपणे काम करील असा प्रकाश. साध्या दिव्याचा प्रकाश सगळीकडे पसरतो. मिलिमीटरच्या अंशाएवढ्या पट्टीवर तो एकवटायचा, तर मोठा दिवा हवा आणि मग कागद जळतो. दुसरी वस्तू म्हणजे पडद्यावरच्या त्या हलत्या रेषेचा अर्थ लावून, हजारो वस्तूंच्या यादीतून नेमकी किंमत शोधून देणारा आणि दुकानाला परवडणारा संगणक. पहिला लेसर १९६० मध्ये चालला. स्वस्त संगणकाला आणखी दशकभर लागले.

१९६२ साली वुडलँड आणि सिल्व्हर यांनी पेटंट फिल्को कंपनीला विकले. दोघांना मिळून त्यातून मिळाले १५,००० डॉलर. पुढे ते आरसीए या कंपनीकडे गेले. सिल्व्हर १९६३ मध्ये वारला, अवघ्या ३८ व्या वर्षी. आपली कल्पना एकाही दुकानात चाललेली त्याला पाहायला मिळाली नाही. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे पेटंटची मुदत सतरा वर्षांची, म्हणून १९६९ मध्ये तेही संपले. शोधाला फळ येण्याआधीच शोधकाचा हक्क गेला.

रेल्वेने केलेला प्रयोग

दुकानांच्या आधी पट्ट्या पोहोचल्या त्या रेल्वेत. अमेरिकेत एका कंपनीचा मालडबा दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर जातो आणि हजारो मैलांवर हरवल्यासारखा पडून राहतो. डेव्हिड कॉलिन्स या अभियंत्याने विद्यार्थिदशेत रेल्वेत काम करताना हे पाहिले होते. पुढे सिल्व्हेनिया कंपनीत असताना त्याने डब्यांच्या बाजूला रंगीत चमकदार पट्ट्या लावून, रुळांशेजारच्या यंत्राने त्या वाचण्याची पद्धत तयार केली. तिचे नाव कारट्रॅक. १९६७ मध्ये अमेरिकन रेल्वे कंपन्यांच्या संघटनेने ती सर्वांसाठी स्वीकारली.

प्रयोगशाळेत उत्तम चाललेली ही पद्धत धूळ, चिखल आणि बर्फ यांनी हरवली. डबे वर्षानुवर्षे उघड्यावर फिरतात आणि त्यांच्या पट्ट्या पुसायला कोणी जात नाही. काही वर्षांतच वाचन सुमारे ८० टक्क्यांवर आले. म्हणजे पाचातला एक डबा यंत्राला दिसेना. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत सोडून द्यावी लागली. कारट्रॅकचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

सात की अकरा?

आता किराणा दुकानांकडे परत येऊ. १९६९ मध्ये माल बनवणाऱ्यांचे आणि माल विकणाऱ्यांचे प्रतिनिधी एकत्र बसले. प्रश्न होता, वस्तूला किती आकडी क्रमांक द्यायचा? उत्पादकांना अकरा आकडे हवे होते, कारण त्यांच्या खोक्यांवर आधीपासून तसे क्रमांक होते. दुकानदारांना सातच हवे होते. आकडे कमी तर यंत्र स्वस्त. बैठक मोडली.

हा वाद क्षुल्लक वाटेल. पण विचार करा, प्रत्येक दुकानाने आपापला संकेत काढला असता, तर एकाच साबणाच्या वडीवर किती वेगवेगळ्या पट्ट्या छापाव्या लागल्या असत्या! छपाईचा खर्च उत्पादकाने करायचा आणि फायदा मात्र दुकानाला. उलट वस्तूंवर पट्ट्याच नसतील, तर दुकानाने महागडे यंत्र का घ्यावे? कोणीतरी आधी पाऊल टाकायला हवे होते आणि कोणीच टाकायला तयार नव्हते. १९७० मध्ये दोन्ही बाजूंच्या वरिष्ठांची समिती नेमली गेली, तेव्हा कोंडी फुटली. समितीने आधी क्रमांक ठरवला. पाच आकडे उत्पादकाचे, पाच वस्तूचे. मग, तो क्रमांक कोणत्या चिन्हाने छापायचा याची अट घालून कंपन्यांकडून नमुने मागवले. चिन्ह लहान असावे, कोणत्याही दिशेने वाचता यावे, आणि लक्षात न आलेली चूक वीस हजारांत एकाहून कमी असावी.

आरसीएकडे वर्तुळांची आकृती तयार होती. १९७२ मध्ये सिनसिनाटीच्या एका दुकानात त्यांनी ती वापरूनही दाखवली. आयबीएममध्ये हे काम जॉर्ज लॉरर या अभियंत्याकडे आले. वुडलँड १९५१ पासून आयबीएममध्येच होता, तोही या गटात आला. लॉररला वरिष्ठांनी सांगितले होते वर्तुळांचाच प्रस्ताव लिहायला. त्याने हिशेब करून पाहिला आणि नाकारला. छापखान्यात कागद एका दिशेने पळतो, म्हणून शाई त्या दिशेने किंचित फरफटते. वर्तुळ फरफटले की त्याची एक बाजू जाड होते आणि वाचन चुकते. सरळ पट्ट्या कागदाच्या धावेच्या दिशेने छापल्या, तर फरफटून फार तर लांब होतील. रुंदी तीच राहील, आणि माहिती तर रुंदीतच आहे! वाळूतल्या चार रेघा वर्तुळातून पुन्हा सरळ झाल्या त्या अशा.

पण मग "कोणत्याही दिशेने वाचता यावे" या अटीचे काय? लॉररने चिन्हाचे मधोमध दोन भाग केले आणि प्रत्येक भाग रुंदीपेक्षा उंच ठेवला. यंत्रातून दोन किरण फुलीसारखे फिरवले की चिन्ह कसेही ठेवा, एक ना एक किरण एकेका अर्ध्या भागातून पूर्ण आरपार जातोच. दोन अर्ध्यांची सांधणी संगणक करतो. ३ एप्रिल १९७३ रोजी समितीने हे चिन्ह निवडले.

वर्गात करून पाहण्याजोगे गणित इथे आहे. प्रत्येक अंकाला सात सारख्या रुंदीचे कप्पे दिले आहेत आणि त्यांत दोन काळ्या व दोन पांढऱ्या पट्ट्या बसवायच्या आहेत. पांढऱ्याने सुरुवात करून अशा किती रचना होतील? मुलांना चौकडीच्या कागदावर रंगवू द्या. उत्तर येते २०. त्यांतल्या १० रचनांत काळ्या कप्प्यांची संख्या विषम असते आणि १० रचनांत सम. अंकही दहाच! डाव्या अर्ध्यात विषम रचना वापरल्या. उजव्या अर्ध्यात त्याच रचना काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे करून वापरल्या, म्हणजे तिथे काळे कप्पे सम झाले. त्यामुळे यंत्र उलट्या बाजूने वाचत असेल तर त्याला आधी सम अंक भेटतात आणि 'हे उलटे आहे' हे त्याचे त्यालाच कळते.

अमेरिकेतला क्रमांक बारा आकडी होता. युरोपात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेरावा आकडा जोडायचे ठरले, पण चिन्ह मोठे करायचे नव्हते. तो लपवला कुठे? डाव्या अर्ध्यातल्या सहा अंकांना विषम रचना द्यायच्या की सम, या निवडीत! आपल्याकडच्या बहुतेक वस्तूंवर क्रमांक ८९० ने सुरू होतो. घरातला एखादा पुडा हातात घेऊन पाहा. पहिला ८ पट्ट्यांच्या बाहेर डावीकडे एकटा उभा असतो. त्याच्यासाठी एकही पट्टी नाही. पुढचे सहा अंक विषम, सम, विषम, सम, सम, विषम अशा क्रमाने छापले आहेत, त्यावरून यंत्र ८ ओळखते. पहिल्यांदा हे कळले तेव्हा आम्ही भिंग घेऊन अर्धा तास एका साबणाच्या वेष्टनाशी बसलो होतो.

शेवटचा अंक तपासणीचा. समजा पहिले बारा आकडे ८९०१२३४५६७८९ आहेत. डावीकडून विषम स्थानांवरचे अंक मिळवा: ८+०+२+४+६+८ = २८. सम स्थानांवरचे मिळवून तिप्पट करा: ९+१+३+५+७+९ = ३४, तिप्पट १०२. एकूण १३०. ही बेरीज दहाच्या पटीत आणायला जो अंक लागेल तो तपासणी अंक. इथे तो ० आहे. आता १ आणि २ यांची अदलाबदल करून पाहा. २७ आणि १०५, एकूण १३२. शेवटी ० ठेवला तर बेरीज दहाच्या पटीत येत नाही, चूक पकडली गेली. तिपटीऐवजी दुप्पट का नाही, हे मुलांना विचारा. दुपटीत ० च्या जागी ५ वाचला गेला तर फरक १० चा पडतो आणि चूक निसटते. तिपटीत एका अंकाची कोणतीही चूक निसटत नाही. शेजारच्या अंकांची अदलाबदल मात्र एका बाबतीत निसटते, दोघांत ५ चा फरक असेल तेव्हा. २ आणि ७ घेऊन पडताळा. (आधार क्रमांकाचा शेवटचा अंक डच गणितज्ञ व्हेरहूफ याच्या रीतीने काढतात. तिच्यात ही फटही बुजवली आहे, पण तिचे गणित फळ्यावर सोडवण्याइतके सोपे नाही.) शाळा रेल्वेस्थानकाजवळ असेल, तर मालगाडीच्या डब्यावरचा अकरा आकडी क्रमांक उतरवून आणायला सांगा. त्याचा शेवटचा अंक याच तिपटीच्या रीतीने निघतो. पुस्तकांवरचा ९७८ ने सुरू होणारा क्रमांकही तसाच.

च्युइंगगमचा पुडा

२६ जून १९७४, सकाळी ८ वाजून १ मिनिट. ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये ज्यूसी फ्रूट च्युइंगगमचा दहा पाकिटांचा पुडा यंत्रावरून सरकला आणि पडद्यावर ६७ सेंट उमटले. इतक्या लहान वेष्टनावर चिन्ह छापता येईल का, अशी शंका घेतली जात होती. तिला हे उत्तर होते.

त्या काचेखाली काय घडले? लाल लेसरचा किरण फिरत्या आरशावरून पट्ट्यांवर धावला. परत आलेल्या प्रकाशाच्या चढउताराचा काळ मोजला गेला. वस्तू कोणी हळू सरकवतो, कोणी जोरात, म्हणून यंत्र पट्टीची प्रत्यक्ष रुंदी मोजतच नाही. सात कप्प्यांत प्रत्येक पट्टीचा वाटा किती, एवढे गुणोत्तर ते पाहते. प्रकाश लाल असल्यामुळे पांढऱ्यावर लाल पट्ट्या छापल्या तर यंत्राला काहीच दिसत नाही. लाल जिलेटीन कागदातून पांढऱ्या कागदावरची लाल रेघ पाहिली तर तीही अशीच नाहीशी होते.

यंत्राने वाचलेल्या क्रमांकात किंमत नव्हती, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. किंमत दुकानाच्या संगणकात होती. त्यावरून मोठे वादळ उठले. किंमत संगणकात असेल तर प्रत्येक डब्यावर ती चिकटवायची गरज नाही, असे दुकानदारांनी ठरवले. यातून त्यांचे पैसे वाचणार होते. ग्राहक संघटना म्हणाल्या, मग फळीवर एक भाव आणि बिलात दुसरा लागला तर आम्हांला कळणार कसे? कामगार संघटनांना नोकऱ्यांची धास्ती होती. प्रत्येक वस्तूवर किंमत लावण्याचे कायदे काही राज्यांनी केले. आम्हांला त्या ग्राहकांची शंका रास्त वाटते. आपल्याकडे वेष्टनावर कमाल किंमत छापणे कायद्यानेच बंधनकारक असल्याने आपली या भांडणातून बरीचशी सुटका झाली. दुसरे एक वादळ निव्वळ अफवेचे होते. चिन्हाच्या दोन्ही कडांना आणि मध्ये जोडरेघा असतात. त्या ६ या अंकाच्या रचनेसारख्या दिसतात, म्हणून तिथे सैतानाचा ६६६ लपवला आहे असे काहींनी पसरवले. त्या रेघा निव्वळ सुरुवात, मध्य आणि शेवट दाखवणाऱ्या खुणा आहेत.

एक गैरसमज आपल्याकडेही रूढ आहे. ८९० म्हणजे वस्तू भारतात बनली, असे सांगणारे संदेश फिरत असतात. त्या आकड्यांचा अर्थ एवढाच, की कंपनीने क्रमांक भारतातल्या नोंदणी संस्थेकडून घेतला. वस्तू कुठेही बनलेली असू शकते.

कवडसा

बारकोडला दृष्टी लागते. चिन्ह समोर हवे, स्वच्छ हवे, आणि एका वेळी एकच. कारट्रॅक यामुळेच पडली. रेडिओलहरींना धूळ आड येत नाही, मग त्यांनीच ओळख पटवता येईल का?

याची सुरुवात दुकानाशी संबंध नसलेल्या जागी झाली होती. १९४५ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूतांना त्यांच्या देशाच्या राजमुद्रेची लाकडी प्रतिकृती भेट दिली. ती राजदूतांच्या घरी भिंतीवर टांगली गेली. आत एक छोटी धातूची पोकळी, पातळ पडदा आणि एक अँटेना होती. बॅटरी नव्हती, तारा नव्हत्या. बाहेरून कोणी रेडिओलहरी सोडल्या की खोलीतल्या बोलण्याने पडदा थरथरे आणि परत जाणाऱ्या लहरींत ते बोलणे उमटे. १९५२ पर्यंत ते कोणाच्या लक्षात आले नाही. हे उपकरण लेव्ह टेरमेन या रशियन शास्त्रज्ञाने बनवले होते. १९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन याने परावर्तित शक्तीने संदेशवहन करता येईल असा शोधनिबंध प्रसिद्ध केला. वुडलँड आणि सिल्व्हर यांच्या गोष्टीचेही तेच साल.

तत्त्व मुलांच्या ओळखीचे आहे. उन्हात आरसा धरून एखादा मुलगा वर्गात कवडसा पाडतो. आरशाजवळ स्वतःचा प्रकाश नाही, पण तो हलवून 'हो', 'नाही' सांगता येते. रेडिओ बिल्ला असाच. वाचकयंत्र लहरी पाठवते, त्यांच्याच शक्तीवर बिल्ल्यातली चिप जागी होते आणि आपल्या अँटेनाचा परावर्तकपणा कमीजास्त करत आपला क्रमांक परत पाठवते.

१९६९ मध्ये मारिओ कार्डुलो याचे कारट्रॅकवर काम करणाऱ्या एका अभियंत्याशी बोलणे झाले, आणि रंगीत पट्ट्यांऐवजी रेडिओ आणि स्मृती असलेला बिल्ला का नको, हा विचार त्याला सुचला. १९७१ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या बंदर प्राधिकरणाला पथकर वसुलीसाठी तो दाखवला आणि २३ जानेवारी १९७३ रोजी त्याला पेटंट मिळाले. ते १९९० मध्ये संपले, बाजारपेठ मोठी होण्याच्या आधी. सिल्व्हरचीच कथा पुन्हा! ज्या रेल्वेने कारट्रॅक टाकून दिली, तिने १९९० च्या दशकात डब्यांवर रेडिओ बिल्ले लावले.

अडचण उरली किमतीची. शाईची पट्टी जवळपास फुकट छापली जाते, चिपला पैसे पडतात. १९९९ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या एका केंद्रात संजय सरमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय सुचवला. चिपमध्ये फक्त क्रमांक ठेवा, बाकी माहिती जाळ्यावरच्या संगणकात. चिप लहान झाली, स्वस्त झाली. वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या मोठ्या पुरवठादारांना २००५ पर्यंत खोक्यांवर असे बिल्ले लावायला सांगितले, पण ते काम अपेक्षेपेक्षा फारच हळू सरकले. बिस्किटाच्या पुड्यावर अजून शाईच्याच पट्ट्या आहेत. आपल्याला रेडिओ बिल्ला भेटला तो पथकर नाक्यावर. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग, २०१४ पासून प्रयोगादाखल आणि फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा. त्यातही बॅटरी नाही. नाक्यावरची अँटेना ऊन, आणि काचेवरचा कागद आरसा. हा आरसा मालकाला न कळवता दुरून वाचता येतो, ही मात्र काळजीची बाब आहे. या तंत्राच्या पहिल्या उपकरणांपैकी एक हेरगिरीसाठी बनले होते, हे विसरून चालणार नाही.

वुडलँडला १९९२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. तो २०१२ मध्ये वारला, लॉरर २०१९ मध्ये.

त्या बाईंना आम्ही आता काय सांगू? कदाचित बालभारतीचे पाठ्यपुस्तकच उघडून दाखवू. त्यावर छापलेला चौकोनी क्यूआर संकेत मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत केला. कंपनीने पेटंट घेतले, पण ते गाजवले नाही, वापरायला सर्वांना मोकळीक दिली. त्याच्या तीन कोपऱ्यांत एकात एक चौकोन आहेत. यातल्या एका चौकोनाच्या मध्यातून पट्टीने कोणत्याही दिशेने रेघ मारा आणि काळे, पांढरे, काळे, पांढरे, काळे भाग मोजा. आडवी मारा, उभी मारा, तिरकी मारा, प्रमाण १:१:३:१:१ च येते. कॅमेरा कसाही धरला तरी तो याच प्रमाणावरून संकेत शोधतो. छपाईत फरफटते म्हणून लॉररने टाकून दिलेले एकात एक वर्तुळ चौकोन होऊन परत आले आहे. मोजपट्टी घेऊन मुलांना ते मोजू द्या.